अनुभवकथनांतून आरोग्य कार्यक्रमाचे मूल्यमापन: प्रश्न ठरवण्यापासून कार्यक्रम बदलण्यापर्यंत

बहुतेक सामाजिक संस्थांच्या वार्षिक अहवालात शेवटच्या काही पानांवर यशोगाथा असतात. एक आई, तिच्या कडेवर बाळ, बाळाचे आधीचे आणि नंतरचे वजन, आणि शेवटी संस्थेचे आभार. देणगीदारांना पाठवण्यासाठी हा मजकूर ठीक आहे. परंतु कार्यक्रम कोणासाठी चालतो, कोणासाठी चालत नाही आणि पुढच्या तिमाहीत त्यात काय बदलावे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. ती गोष्ट कोणी निवडली, कोणत्या गोष्टी बाजूला ठेवून निवडली आणि का निवडली, याची नोंदच नसते. मूल्यमापनाच्या दृष्टीने गोष्ट हा कच्चा माल असतो. खरे मूल्यमापन घडते ते गोष्टींमधून निवड करताना होणाऱ्या चर्चेत आणि त्या निवडीची कारणे लेखी नोंदवण्यात. ही चर्चा कशी घडवून आणावी आणि तिच्या आधारे कार्यक्रमात बदल कसा करावा, हे येथे क्रमाने मांडले आहे. तालुका पातळीवर काम करणाऱ्या संस्था, आरोग्य विभागातील समन्वयक आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी हा वाचकवर्ग लेखनाच्या वेळी डोळ्यांसमोर ठेवला आहे.

या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध अवतार रिक डेव्हिस यांनी १९९० च्या दशकात बांगलादेशातील एका ग्रामीण विकास कार्यक्रमावर देखरेख ठेवण्यासाठी विकसित केला. 'सर्वांत महत्त्वाचा बदल' या नावाने तो ओळखला जातो. पुढे ऑस्ट्रेलियातील जेस डार्ट यांच्याबरोबर त्यांनी २००५ मध्ये त्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. खाली दिलेल्या पायऱ्यांचा सांगाडा त्याच पद्धतीचा आहे. आपल्याकडच्या आरोग्य यंत्रणेत ती वापरताना जेथे मुरड घालावी लागते, तेथे ती घातली आहे.

उदाहरणासाठी घेतलेला कार्यक्रम

नवजात बालकांची गृहभेट हा कार्यक्रम देशभर २०११ पासून राबवला जातो. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीची आणखी एक भेट असते. कागदावर हे सहा-सात खणांचे कोष्टक आहे. प्रत्यक्षात त्यात वजनकाटा आणि थर्मामीटर आहे, सासूचे मत आहे, सव्वा महिन्याचे सोवळे आहे, पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत आहे, १०२ ची रुग्णवाहिका आहे, उपकेंद्रातल्या नर्सबाई आहेत आणि वेळेवर न मिळणारा मोबदलाही आहे. असे अनेक घटक एकमेकांवर परिणाम करतात आणि गावागणिक परिस्थिती बदलते, तेव्हा त्या कार्यक्रमाला गुंतागुंतीचा म्हणतात. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अशा कार्यक्रमांविषयी २००० पासून मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत आणि २०२१ च्या सुधारित आवृत्तीत 'परिणाम झाला का' या प्रश्नाच्या बरोबरीने 'कोणत्या परिस्थितीत, कसा आणि कोणासाठी झाला' हे प्रश्नही महत्त्वाचे मानले आहेत. अनुभवकथने उपयोगी पडतात ती या दुसऱ्या प्रश्नांसाठी.

उदाहरणाचे क्षेत्र म्हणून बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची गावे घेतली आहेत, कारण तेथे गृहभेटीच्या कोष्टकाची खरी परीक्षा होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात जातात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, फडाजवळच्या (ऊसतोडीच्या शेताजवळच्या) कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, राहतात. खाली दिलेले कथन आणि त्यावरील चर्चा कोणा एका व्यक्तीची किंवा बैठकीची नाही. पद्धत दाखवण्यासाठी ती रचलेली आहे.

कथनांवर किती भार टाकावा

सुरुवातीलाच मर्यादा स्पष्ट केलेली बरी. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने केलेल्या घरोघरच्या नवजात बालसेवेच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. प्रयोगाच्या ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दाखवले होते. शंभर मातांच्या शंभर हृद्य गोष्टी गोळा केल्या असत्या तरी हे सिद्ध झाले नसते. त्यासाठी तुलनेची गावे आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची काटेकोर नोंद लागली. मात्र त्याच संस्थेने आदिवासींसाठी दवाखाना उभारताना त्यांना रुग्णालयाची भीती का वाटते हे त्यांच्याचकडून ऐकून घेतले, दवाखान्याची रचना आदिवासी गावासारखी केली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. हे शहाणपण कोणत्याही मृत्युदरातून निघाले नसते. तेव्हा परिणामाचे मोजमाप आकड्यांनी करावे. यंत्रणा कशी चालते, कुठे अडखळते आणि लोक तिचा काय अर्थ लावतात, हे कथनांतून शोधावे. देणगीदाराने 'आकडे नकोत, गोष्टी द्या' असे म्हटले, तरी हा भेद सोडू नये.

पहिली पायरी: निर्णय आधी ठरवा

कथने गोळा करण्याआधी एका कागदावर दोन गोष्टी लिहून काढाव्यात. पहिली, कार्यक्रमाचा तर्क: कोण काय करते, त्यामुळे कोणाच्या वागण्यात काय बदलते आणि त्यातून बाळाच्या प्रकृतीत कोणता फरक पडावा अशी अपेक्षा आहे. हा तर्क चार-पाच वाक्यांत मावला नाही, तर चमूतच त्याविषयी एकमत नाही असे समजावे. दुसरी, येत्या सहा महिन्यांत आपल्या हातात असलेले निर्णय. आशा ताईंचे प्रशिक्षण बदलता येईल का? भेटींचे वेळापत्रक संस्थेच्या अखत्यारीत आहे की ते वरून ठरलेले आहे? फोनसाठी निधी आहे का? जो निर्णय आपण घेऊच शकत नाही, त्याविषयी लोकांना तासभर बोलते करणे हा त्यांच्या वेळेचा अपव्यय आहे.

हा कागद तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशा ताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना आधीच दाखवावा, कारण निष्कर्षांवर कृती त्यांनाच करायची असते. अहवाल झाल्यावर प्रथमच हाती आलेला कागद सहसा फाइलला लागतो.

दुसरी पायरी: प्रश्न

मुख्य प्रश्न एकच असावा आणि तो खुला असावा. उदाहरणार्थ: 'बाळ झाल्यापासून आजपर्यंत, आशा ताईंच्या भेटींमुळे किंवा भेटी न झाल्यामुळे, तुमच्या किंवा बाळाच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक कोणता पडला, असे तुम्हाला वाटते?' त्याला जोडून लगेच विचारावे: 'इतर गोष्टी सोडून हीच का सांगितली?' दुसऱ्या प्रश्नाकडे अनेक जण दुर्लक्ष करतात. वास्तविक सांगणाऱ्या व्यक्तीचे स्वतःचे मूल्यमापन त्याच उत्तरात असते.

प्रश्नातील 'किंवा भेटी न झाल्यामुळे' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. नुसता 'काय फायदा झाला' असा प्रश्न विचारला, तर घरी आलेल्या पाहुण्याला नाराज करू नये या सवयीने 'ताई चांगल्या आहेत, सगळं चांगलं आहे' एवढेच उत्तर मिळते.

गोष्टींची वर्गवारी करण्यासाठी तीन-चार क्षेत्रे आधी ठरवावीत: बाळाच्या प्रकृतीतील बदल, आईच्या किंवा घरच्यांच्या वागण्यातील बदल, दवाखान्याशी असलेल्या संबंधातील बदल, आणि 'इतर काहीही'. शेवटचे क्षेत्र कधीही गाळू नये. बीडमधील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. नवजात बालकांच्या कोणत्याही कोष्टकात तो बसला नसता. कार्यक्रम आखणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसलेल्या गोष्टींना जागा ठेवली नाही, तर कथने गोळा करण्याचा निम्मा उपयोग वाया जातो.

तिसरी पायरी: कोणाला आणि केव्हा विचारायचे

'बोलकी बाई दाखवा' असे आशा ताईंना सांगून निवड करू नये. जन्मनोंदणीचे रजिस्टर समोर घ्यावे आणि गेल्या वर्षभरातील बाळंतपणे चार गटांत वाटावीत: सर्व भेटी झाल्या आणि बाळ ठीक आहे, सर्व भेटी झाल्या तरी बाळ आजारी पडले किंवा दगावले, भेटी अर्ध्यावर थांबल्या, एकही भेट झाली नाही. प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून चार-पाच नावे काढावीत. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पहिल्या फेरीसाठी पंधरा ते वीस कथने माझ्या मते पुरेशी आहेत. साठ गोळा करून ती कपाटात ठेवण्यापेक्षा वीस नीट वाचणे केव्हाही बरे. बाळ दगावलेल्या घरी जाण्याचा निर्णय मात्र चमूने स्वतंत्रपणे घ्यावा, अनुभवी व्यक्तीलाच पाठवावे आणि पहिल्या सव्वा महिन्यात जाऊ नये.

आशा ताई, अंगणवाडी सेविका आणि नर्सबाई यांचीही कथने घ्यावीत. कार्यक्रमातील सहभागी म्हणजे केवळ माता नव्हेत. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेला फोन लावत बसणारी आशा ताईही त्या कार्यक्रमाचा अनुभव घेत असते.

वेळेची निवड हा निव्वळ सोयीचा प्रश्न नाही. बीडच्या एखाद्या गावात डिसेंबरात गेलात, तर म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि ऊसतोडीला न जाणारी कुटुंबे तेवढी भेटतील आणि गृहभेटी उत्तम चालल्या आहेत असा निष्कर्ष निघेल. ज्यांच्या भेटी तुटल्या, ती माणसे त्या वेळी दोनशे-तीनशे किलोमीटरवर असतात. म्हणून एक फेरी गुढीपाडव्यानंतर, माणसे परतल्यावर घ्यावी आणि शक्य झाल्यास एक फेरी फडावर जाऊन घ्यावी. मेळघाटात, पालघरात किंवा नंदुरबारात स्थलांतराचे वेळापत्रक वेगळे असेल. ते गावात विचारूनच आखणी करावी.

चौथी पायरी: विचारणारी व्यक्ती आणि जागा

ज्या आशा ताईंच्या कामाविषयी विचारायचे आहे, त्याच ताई मुलाखत घेत असतील तर उत्तरावर विश्वास ठेवणे कठीण होते. शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील आशा ताई किंवा गावाबाहेरची प्रशिक्षित स्त्री हा चांगला पर्याय आहे. गावची आशा ओळख करून देण्यापुरती सोबत यावी आणि नंतर निघून जावे. कोरकू, गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या घरी ती भाषा बोलणारी व्यक्तीच हवी. दुभाष्यामार्फत घेतलेले कथन बहुधा दुभाष्याचे होते.

सुनेशी बोलायचे असताना सासूबाई समोर बसतात, ही अडचण सर्वत्र आहे. त्यांना उठवून लावू नये. दोघींनी जाऊन एकीने सासूबाईंशी त्यांच्या काळातील बाळंतपणांविषयी बोलायला बसावे आणि दुसरीने सुनेशी बोलावे, हा साधा उपाय चालतो. शिवाय सासूबाईंच्या बोलण्यातून घुटी, काजळ, पहिले दूध आणि शेक-शेगडी यांविषयी जे कळते, ते कार्यक्रमाच्या दृष्टीने कमी मोलाचे नसते.

पाचवी पायरी: संमती आणि सुरक्षितता

एका सहीत सगळी संमती उरकू नये. बोलण्याची, आवाज ध्वनिमुद्रित करण्याची, लिहिलेले कथन बैठकीत वाचण्याची आणि ते बाहेर छापण्याची अशा चार वेगवेगळ्या परवानग्या विचाराव्यात, आणि छायाचित्राची पाचवी. 'नाही' म्हटल्यास योजनेच्या लाभावर परिणाम होणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण लोकांना खरी भीती तीच असते. ओळख पटू शकेल अशी माहिती फोनमधील व्हॉट्सॲप गटांवर फिरवू नये. हे संशोधन म्हणून प्रसिद्ध करायचे असेल, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी लागते. डिजिटल नोंदींसाठी २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदाही लक्षात ठेवावा.

नाव बदलले म्हणजे ओळख लपली, असे लहान गावात होत नाही. 'जुळी झालेली, फडावर बाळंत झालेली' एवढ्यावर सगळे गाव ओळखते. अशा वेळी गावाचे नाव, मुलांची संख्या आणि कारखान्याचे नाव काढावे आणि तरीही ओळख पटत असेल, तर ते कथन फक्त आतल्या बैठकीत वापरावे.

आणखी एक बाब आधीच ठरवून ठेवावी लागते. मुलाखतीत आईचे वय अठरापेक्षा कमी असल्याचे कळले, तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ही माहिती पोलिसांना कळवण्याचे बंधन येते. घरात मारहाण होत असल्याचे कळले, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्यांचा संपर्क हाताशी हवा. मुलाखत घेणाऱ्या व्यक्तीला हे माहीत नसेल आणि तिने सगळे गुप्त राहील असे सरसकट आश्वासन दिलेले असेल, तर ती स्वतः अडचणीत येते आणि समोरच्या मुलीचाही विश्वासघात होतो. म्हणून गुप्ततेच्या मर्यादा बोलणे सुरू होण्यापूर्वी सांगाव्यात.

सहावी पायरी: ऐकणे आणि लिहिणे

मुलाखत अर्धा-पाऊण तास चालावी. मध्ये शक्यतो तीनच प्रकारचे प्रश्न विचारावेत: 'मग काय झालं?', 'त्या वेळी घरात कोण होतं?' आणि 'हे आधीपेक्षा वेगळं कसं?' लिखाण त्याच संध्याकाळी पूर्ण करावे. एक पान पुरे. सांगणाऱ्या व्यक्तीचे शब्द तसेच ठेवावेत आणि बोलीचे प्रमाणभाषेत रूपांतर करू नये. खाली कथन कोणाचे, कोणी लिहिले, कोठे, कोणत्या तारखेला आणि कोणत्या संमतीने, हे नोंदवावे. शेवटी ते तिला वाचून दाखवावे आणि तिने केलेल्या दुरुस्त्या घालाव्यात.

असे एक कथन, थोडक्यात:

'बाळ दवाखान्यातच झालं, दोन किलोला थोडं वर भरलं. ताई तिसऱ्या दिवशी आल्या, सातव्याला आल्या, चौदाव्याला बी आल्या. वजन केलं, टोपी घालून ठेव म्हणल्या. अठराव्या दिवशी गाडी आली. उचल घेतलेली, नाही म्हणता येत नव्हतं. फडावर रात्री लई गारठा. चार दिवसांनी बाळ दूध ओढंना, नुसतं झोपून राही. तिथल्या ताईला इचारलं तर ती म्हणली, तुमचं नाव माझ्या यादीत नाही. मग मालकाच्या फोनवरनं आमच्या गावच्या ताईला लावला. त्या म्हणल्या, पोटाशी उघडं धर, वरनं गोधडी घे, अन् आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. मुकादमानं मोटरसायकल दिली. सहा दिवस ठेवून घेतलं. हीच गोष्ट का सांगितली म्हणाल तर, ताईचा नंबर पाठ होता म्हणून बाळ हाय. वहीत बघाल तर आमच्या नावापुढं नुसतं गेले म्हणून लिहिलंय.'

सातवी पायरी: निवडीची बैठक

सगळ्या प्रक्रियेचे मर्म या बैठकीत आहे, त्यामुळे तिला अर्धा दिवस द्यावा. आशा ताईंच्या मासिक बैठकीला शेवटच्या अर्ध्या तासात हे काम जोडू नये. चार वाजताची एसटी गाठायची असते आणि मग सगळेच जण पहिल्या गोष्टीला हात वर करतात. सहा ते आठ माणसे असावीत. पहिल्या पातळीवर आशा ताई, गटप्रवर्तक आणि दोन-तीन माता; दुसऱ्या पातळीवर वैद्यकीय अधिकारी, नर्सबाई, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका आणि संस्थेचे समन्वयक; आणि तिसऱ्या पातळीवर तालुका आरोग्य अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी व निधी देणारे. प्रत्येक पातळी खालून आलेल्या कथनांतून प्रत्येक क्षेत्रासाठी एक निवडते आणि ती कारणांसह वर पाठवते.

कथने नावे काढून मोठ्याने वाचावीत. एका क्षेत्रातील सर्व कथने वाचून झाली की प्रत्येकाने चिठ्ठीवर आपली निवड आणि एका ओळीत कारण लिहावे, आणि चिठ्ठ्या उघडल्यानंतरच चर्चा सुरू करावी. पदाने सर्वांत मोठी व्यक्ती शेवटी बोलेल, हा नियम आधीच सांगावा. डॉक्टर प्रथम बोलले की बाकीच्यांची मते त्यांच्या मताजवळ सरकतात. हे डॉक्टरांच्या स्वभावावर अवलंबून नसते, आपल्या कार्यालयांची ती रीत आहे.

वरील कथनाचे काय झाले असते ते पाहू. आशा ताईंच्या बैठकीत ते निवडले जाण्याची शक्यता मोठी आहे आणि कारण असे असेल: 'नाते टिकले म्हणून फोन आला. भेट झाली नाही तरी काम झाले, पण त्याची नोंद नाही आणि मोबदलाही नाही.' दुसऱ्या पातळीवर वैद्यकीय अधिकारी कदाचित दुसरे कथन पसंत करतील, ज्यात सहाही भेटी झाल्या आणि बाळाचे वजन सुरेख वाढले. त्यांचे कारण 'कार्यक्रम जसा आखला तसा चालला की परिणाम दिसतो' असे असेल. दोन्ही कारणे प्रामाणिक आहेत. त्यांच्यातील अंतर हेच या बैठकीचे फलित आहे: एका पातळीवर भेट म्हणजे रजिस्टरमधील खूण आहे आणि दुसऱ्या पातळीवर भेट म्हणजे अडीअडचणीला फोन लावण्याइतकी ओळख. एकमत झाले नाही तर मतदान करून विषय संपवू नये. दोन्ही मते कोणाची होती ते पदनामासह लिहावे. निवडलेल्या कथनाखाली तीन-चार वाक्यांत कारण लिहिल्याशिवाय बैठक संपली असे मानू नये.

निवड न झालेली कथने फेकू नयेत. एका व्यक्तीने ती सर्व पुन्हा वाचून साधी सूची करावी: कोणत्या गावातून आले, बदल चांगला की वाईट, भेट कोणत्या टप्प्यावर तुटली, कोणाचा उल्लेख वारंवार येतो. निवडलेली कथने लक्ष वेधतात. सूचीमुळे ती अपवादात्मक आहेत की नेहमीची, याचा अंदाज येतो.

आठवी पायरी: पडताळणी आणि मोजणी

निवडलेल्या कथनांची तेवढी पडताळणी करावी. माता-बाल संरक्षण कार्ड, आशा ताईंची वही, दवाखान्याचा डिस्चार्ज कागद आणि दुसऱ्या एखाद्या व्यक्तीचे म्हणणे पुरेसे असते. ही पोलिसी चौकशी नाही, आणि तारखेत चार दिवसांचा फरक पडला म्हणून कथन खोटे ठरत नाही. मात्र बाळाला दाखल केलेच नव्हते असे निघाले, तर चर्चेचा पायाच बदलतो.

त्यानंतर कथनातून मोजता येईल असा प्रश्न काढावा. वरील उदाहरणात तो असा आहे: ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात जन्मलेल्या बाळांपैकी किती बाळे बेचाळीस दिवसांची होण्याआधी गावाबाहेर गेली आणि त्यांपैकी कितींना मुक्कामाच्या ठिकाणी एक तरी भेट मिळाली? याचे उत्तर रजिस्टर आणि फोन यांच्या साह्याने आठवड्याभरात मिळू शकते. एका कथनावरून धोरण बदलणे जितके चुकीचे, तितकेच ही मोजणी न करता 'एखादीच केस आहे' म्हणून ते झटकून टाकणेही चुकीचे.

आरोग्यसेवांवरील लोकांच्या सामूहिक देखरेखीच्या प्रक्रियेत, जी महाराष्ट्रात २००७ पासून पुण्याच्या 'साथी' संस्थेच्या समन्वयाने उभी राहिली, जनसुनवाईत लोक अधिकाऱ्यांसमोर आपले अनुभव मांडत आले आहेत. तेथे अपेक्षा तक्रार निवारणाची असते. मूल्यमापनाच्या कथनात एखादी तक्रार निघाली, उदाहरणार्थ पैसे मागितल्याची, तर त्या व्यक्तीच्या संमतीने ती योग्य मार्गाने लगेच पुढे न्यावी. सहा महिन्यांनी येणाऱ्या अहवालात तिला अडकवून ठेवू नये.

नववी पायरी: कार्यक्रमात बदल

बदल करताना कार्यक्रमाचे कार्य आणि त्याचे रूप वेगळे करून पाहावे. पेनेलोपी हॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेला हा विचार आहे: गुंतागुंतीच्या कार्यक्रमात प्रत्येक ठिकाणी सारखे राहायला हवे ते कार्य, रूप मात्र स्थानिक परिस्थितीप्रमाणे बदलू शकते. जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा इतिहास याचे उत्तम उदाहरण आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा गावपातळीवरील सेवेसाठी प्रशिक्षित परिचारिकांवर भिस्त होती. ती व्यवस्था खेड्यांत टिकेना, म्हणून गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवण्यात आले. गावात विश्वासाचे, शिकलेले माणूस असणे हे कार्य कायम राहिले आणि ते माणूस कोण असावे हे बदलले.

गृहभेटीत न बदलण्याजोगे काय, याची यादी छोटी आहे: बाळाला डोळ्यांनी पाहणे, वजन व तापमान घेणे, श्वास मोजणे, दूध पाजणे पाहणे आणि धोक्याचे लक्षण दिसताच पाठवणी करणे. त्यामुळे 'एकविसाव्या दिवसाची भेट आता फोनवर होईल' हा बदल आकर्षक वाटला तरी नाकारला पाहिजे, कारण फोनवर वजन होत नाही. फोन हा दुवा म्हणून ठेवावा आणि प्रत्यक्ष पाहणी मुक्कामाच्या ठिकाणच्या आशा ताईंनी करावी. त्यासाठी सातव्या महिन्यातील तपासणीच्या वेळी मुकादमाचे नाव, त्याचा क्रमांक आणि कारखान्याचे नाव कार्डावर लिहून घेणे, निघण्याच्या आदल्या दिवशी बाळाचे वजन करणे, धोक्याच्या लक्षणांचे चित्रकार्ड सोबत देणे आणि कारखान्याच्या हद्दीतील प्राथमिक आरोग्य केंद्राला नावांची यादी पाठवणे, असे चार बदल प्रस्तावित करता येतात. यांतील पहिले तीन तालुक्याच्या हातात आहेत. चौथ्यासाठी दोन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे लेखी संमतीपत्र लागेल आणि कारखाना कर्नाटकात असेल तर प्रश्न राज्यांमधला होतो. म्हणून पहिल्या हंगामात राज्यातील एक-दोन कारखान्यांपुरतेच ते करून पाहावे.

प्रत्येक बदल एका साध्या वहीत नोंदवावा: तारीख, काय बदलले, कोणत्या कथनावरून आणि कोणत्या मोजणीवरून, निर्णय कोणी घेतला, बदल आधीच ठरवून केला की अडचणीत ऐनवेळी करावा लागला, आणि परिणाम केव्हा व कशावरून तपासायचा. ही वही नसेल, तर दोन वर्षांनी मूल्यमापन करणाऱ्याला आपण कोणत्या कार्यक्रमाचे मूल्यमापन करत आहोत हेच कळत नाही. आशा ताईंनी आपापल्या पातळीवर केलेले छोटे बदलही तिच्यात यावेत; बहुतेक उपयोगी बदल आधी तेथेच झालेले असतात आणि ओरडा बसेल या भीतीने सांगितले जात नाहीत.

दहावी पायरी: परत जाऊन सांगणे आणि पुढची फेरी

ज्यांनी वेळ दिला, त्यांना काय ठरले ते सांगणे हा प्रक्रियेचाच भाग आहे. गावच्या आरोग्य, पाणीपुरवठा, स्वच्छता व पोषण समितीच्या बैठकीत किंवा ग्रामसभेत कोणती कथने निवडली, का निवडली आणि त्यावरून काय बदलले किंवा काय बदलता आले नाही, हे दहा मिनिटांत मांडावे. कथन सांगणाऱ्या व्यक्तीला मात्र त्याआधी घरी जाऊन भेटावे, म्हणजे आपली गोष्ट चारचौघांत प्रथमच ऐकण्याची वेळ तिच्यावर येणार नाही. निवड न झालेल्यांनाही निरोप द्यावा, अन्यथा पुढच्या वेळी लोक निवडल्या जाणाऱ्या साच्यातील गोष्टी सांगू लागतात.

दुसरी फेरी पुढच्या हंगामानंतर घ्यावी. प्रश्न तोच ठेवावा, गट नव्या रजिस्टरवरून पाडावेत आणि केलेल्या बदलांविषयी थेट विचारू नये. चित्रकार्ड किंवा मुकादमाचा क्रमांक यांचा उल्लेख कथनांत आपणहून येतो का, हे पाहावे. तो आला नाही आणि मोजणीतही फरक दिसला नाही, तर बदल मागे घेण्याची नोंद त्याच वहीत करावी. सलग दोन फेऱ्यांत नवे काहीच पुढे येत नसेल, तर कथने गोळा करण्याचे काम वर्षभर थांबवून तो वेळ घरभेटींना द्यावा.